गळ्यात बाजा घातलेल्या पोरीस

अंबाजोगाई

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा कागद बाजूला ठेवला, कारण घाईघाईत उत्तर द्यावं असं तू काही विचारलेलंच नाहीस. अकॉर्डियनवर पोट भरतं का? पुण्याला गेल्याशिवाय काही होतं का? आणि शास्त्रीय वाजवायचं म्हणजे नेमकं काय वाजवायचं? हे तुझे तीन प्रश्न. शिवाय शेवटी जाता जाता लिहिलंस की बाजाची, म्हणजे अकॉर्डियनची, मधली पांढरी चार ही पट्टी भाता ओढताना वाजते आणि दाबताना मुकी होते, त्यामुळे आठवडाभर रियाझ बंद आहे. त्या पांढऱ्या चारकडे मी शेवटी येते. आधी पोटाचं बोलू, कारण तुझ्या वडिलांना त्याचीच काळजी आहे आणि ती रास्त आहे.

नुसतं वाजवून पोट भरत नाही. वाजवणं, शिकवणं आणि रचना करणं ही तिन्ही कामं धरलीस तर भरतं, तेही पहिली चार-पाच वर्षं ओढाताण सोसल्यावर. माझं असंच भरलं. घर चाललं, आईचं आजारपण निभावलं, धाकट्या भावाचं शिक्षण झालं. तुझ्या घरी सांगायला एवढं पुरे.

पण तुला स्वतःला यापुढचंही कळायला हवं. पुष्कळांचा समज असा की वाजवणं हे खरं काम, आणि शिकवणं नि चाली बांधणं ही पोटासाठी केलेली तडजोड. माझाही सुरुवातीला तोच समज होता आणि त्यात माझी दहा वर्षं गेली. कार्यक्रम मिळाला की शिकवण्या बंद, कार्यक्रम आटले की पुन्हा शिकवण्या, आणि लेकरांसमोर बसलेली मी मनाने भलतीकडेच. आपल्या भागात, आपल्या वाद्याला, ही विभागणी चालत नाही. का ते सांगते.

तबला शिकणाऱ्या मुलाला घराणं असतं, कायदे असतात, ऐकणारा वर्ग असतो. पेटी शिकणाऱ्याला भजन आहे, कीर्तन आहे, नाट्यसंगीत आहे, गायकाची साथ आहे. अकॉर्डियनला आपल्याकडे यातलं काहीच नाही. व्हिएन्नाच्या सिरिल डेमियनने १८२९ साली या नावाचं पेटंट घेतलं. तिथून निघालेलं हे वाद्य आपल्या कानावर पडलं ते मुख्यतः सिनेमामुळे. मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये गुडी सिरवई, केरसी लॉर्ड, पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांनी जे वाजवलं ते आजही परभणीच्या रिक्षावाल्याला तोंडपाठ आहे. त्या वाजवण्यापुढे मी आजही हात जोडते. पण ते तुकडे दुसऱ्याच्या गाण्यातले आहेत, आठ-दहा सेकंदांचे. उद्या तुला गंगाखेडच्या एखाद्या सभागृहात तासभर एकटीने वाजवायला सांगितलं तर काय वाजवशील? अकॉर्डियनसाठी, आपल्या सुरात, आपल्या तालात लिहिलेला तासाभराचा ऐवजच नाही. तो तुला तयार करावा लागेल, म्हणून रचना. तो ऐकायला बसणारी माणसं नाहीत, ती घडवावी लागतील, म्हणून शिकवणं. माझ्या आजच्या श्रोत्यांतले अर्धेअधिक लोक माझ्या विद्यार्थ्यांचे आईवडील आणि आजीआजोबा आहेत. लेकरू घरी वाजवायला लागल्यावर त्यांचे कान उघडले.

हे फक्त आपलंच दुखणं आहे असं नाही. युरोपातही बराच काळ अकॉर्डियन म्हणजे जत्रेतलं आणि नाचगाण्यातलं वाद्य. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीने १८८३ च्या आपल्या दुसऱ्या ऑर्केस्ट्रा सूटमध्ये, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या रचनेत, चार अकॉर्डियन घातले होते खरे, पण तो अपवाद. डेन्मार्कच्या मोगेन्स एलेगार्डने हे चित्र बदललं. त्याने संगीतकारांच्या मागे लागून आपल्या वाद्यासाठी नव्या रचना लिहून घेतल्या, १९५८ मध्ये ओले श्मिटने त्याच्यासाठी रचना केली, पुढे बाकीचे आले. त्या रचना वाजवणारी पिढीही त्यानेच शिकवून तयार केली. रशियात फ्रिडरिख लिप्स या बायान (रशियन बटणांचा अकॉर्डियन) वादकासाठी सोफिया गुबाइदुलिनाने १९७८ मध्ये ‘दे प्रोफुंदिस’ लिहिलं. ते मोबाइलवर शोध आणि रात्री कानाला लावून ऐक. त्यात मध्येच सूर थांबतात आणि नुसता भात्याचा श्वास ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जागची हलले नाही. ज्याला आपण वाद्याचा दोष म्हणून लपवत होतो, तो त्या बाईने संगीतात आणून बसवला होता.

आता भात्याबद्दल. गेल्या वर्षी सेलूला तुला ऐकलं तेव्हा तुझा उजवा हात मला फार आवडला. स्वच्छ बोटं आहेत, भजनी मंडळात पेटी वाजवून आलेली. पण तुझा डावा हात अजून पेटीचाच आहे. पेटीत तू बाहेरचा भाता हलवतेस, हवा आतल्या भात्यात साठते, तिथल्या स्प्रिंगमुळे दाब सारखा राहतो आणि मग ती स्वरपट्टीपर्यंत जाते. हाताचा थोडा हिसका त्यात जिरून जातो. अकॉर्डियनला हे मधलं कोठार नाही. तुझं मनगट आणि सूर काढणारी पोलादी जीभ, म्हणजे रीड, यांच्यामध्ये फक्त हवा आहे. मनगट थरथरलं की सूर थरथरलाच. त्यात प्रत्येक सुराला दोन जिभा, एक ओढताना वाजणारी, एक दाबताना वाजणारी. एका पट्टीमागे अशा चार जोड्या असलेल्या एकेचाळीस पट्ट्यांच्या बाजात उजव्या हातालाच ३२८ जिभा होतात. दिशा बदलली की जीभ बदलते, आणि तो सांधा ऐकणाऱ्याला कळू द्यायचा नसतो.

म्हणून महिनाभर एवढंच कर. पहाटे उठलीस की रजिस्टरच्या बटणांमधलं ते दाब ज्याच्या वर्तुळात मधल्या खणात एकच ठिपका आहे, म्हणजे एकच रीड बोलेल. पांढरी एक दाबून धर. मनात संथ भजनी ठेका धरून सोळा मात्रा भाता उघड, सोळा मात्रा मिट. आवाज लहान-मोठा होता कामा नये. जमलं की उघडताना शून्यातून वाढवत ने आणि मिटताना परत शून्यात आण. नंतर सोळाच्या चोवीस कर. डोळे मीट, आणि सांधा कुठे पडला ते बाहेरच्या खोलीत बसलेल्या आईला ओळखायला सांग. तिला ओळखता येईना तेव्हा पुढचा धडा. मी हे अजून रोज करते.

डाव्या हाताच्या बटणांचं म्हणशील, तर तिथे आपल्या संगीतासाठी एक फार सुंदर सोय दडलेली आहे, ती मला फार उशिरा सापडली. १२० बटणं, वीस-वीसच्या सहा ओळी. त्यातल्या मूळ खर्जाच्या ओळीत शेजारशेजारची बटणं सा-प च्या अंतराने लावलेली असतात. पांढरी एकच्या बटणावर खळगा असतो, न बघता बोटाला सापडावं म्हणून. तिथे सा धरलास तर हनुवटीच्या बाजूचं लगतचं बटण म्हणजे पंचम. दोन्ही एकदम दाबलीस की तंबोऱ्याची जोडी तयार. आणि मालकंस वाजवायचा आहे, पंचम नको, मध्यम हवा? मग सा च्या खालच्या अंगाचं लगतचं बटण दाब, तो मध्यम. एका बोटाची जागा बदलली आणि आधार बदलला. मारव्यात मात्र दोन्ही बाजू सोड, नुसता सा ठेव. बाकीच्या ओळींतले तयार कॉर्ड रागात वापरू नकोस. ते ऐकायला भरगच्च लागतात म्हणून मोह होतो, पण भूप वाजवताना पांढरी पाचचा मेजर कॉर्ड दाबलास की त्यात निषाद आलाच. भूपात निषाद कुठून आला?

मग प्रश्न उरतो मींडेचा. तुला कुणीतरी सांगणारच, सांगितलंही असेल, की या बाजात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, नाहीत, त्यामुळे यावर राग वाजवू नये. हे बोलणं नवं नाही. पेटीला हेच म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर बंदी होती. त्या काळातही पेटीवाल्यांनी आपलं काम सोडलं नाही. आपल्या जालना भागातून आलेले पं. अप्पा जळगावकर त्याच पिढीतले. पुढे २००० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांची साथ ऐक. पेटीत मींड नसताना ते गळ्याचा भास कसा निर्माण करतात, दोन सुरांच्या मधली जागा कशी रिकामी ठेवतात, हे पुस्तकात मिळणार नाही.

तरी टीका करणारा खोटं बोलत नाही, हेही मान्य कर. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार या पट्टीवर नाही. म्हणून दरबारी वाजवू नकोस, तोडीही नको. ऐकण्यासाठी आणि गाण्यासाठी ते राग शीक, पण मंचावर बाजाला झेपेल तेच ने. यमन, भूप, दुर्गा, हंसध्वनी, कीरवाणी, चारुकेशी, नटभैरव. कीरवाणी तर या बाजावर अशी उमलते की जणू त्याच्यासाठीच आहे. द्रुत गतीत भाता झटपट आतबाहेर हलवून सतारीवरच्या ‘झाला’सारखं काम काढता येतं, ते पेटीवाल्याला जमत नाही. खालच्या सप्तकात पट्टी अर्धीच दाबून भात्याचा दाब वाढवला की सूर किंचित खाली उतरतो. तो प्रयोग कर, पण मिठाएवढाच ठेव. आणि राग वाजवताना दोन रीड किंचित वेगळे लावून जी लहर काढतात ते रजिस्टर बंद. सिनेमाच्या गाण्याला ती लहर गोड लागते, रागात ती सूर पुसून टाकते.

पाश्चात्त्य शास्त्रीय वाजवायचं आहे असंही तू लिहिलंस. जरूर वाजव. मला स्वरलेखन वाचायला जालन्याच्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या वयस्क बाईंनी शिकवलं. चार महिने दर शनिवारी मी एसटीने जायचे आणि त्या माझ्याकडून एक पैसा घेत नसत. त्या वाचनाने मला जे दिलं ते कुठल्याही कार्यक्रमाने दिलं नाही. बाखच्या ‘इन्व्हेन्शन्स’ नावाच्या दोन भागांच्या छोट्या रचनांपासून सुरुवात कर. पण तुझ्या बाजात डावीकडे खर्जाचे बारा सूरच आहेत, एका सप्तकात गुंडाळलेले. बाखचा डावा हात सप्तकं ओलांडून चालतो. त्यासाठी फ्री-बास पद्धतीचा बाजा लागतो, ज्यात डावीकडेही प्रत्येक सूर वेगळा मिळतो. तो बाजा महाग आहे, आज घेऊ नकोस. तोवर खालचा भाग एखाद्या मैत्रिणीला पेटीवर दे आणि दोघी मिळून वाजवा. त्यात तुझे कान जास्त तयार होतील.

आता शिकवण्याचं. तू वीस वर्षांची आहेस आणि मला कोण विचारणार असं तुला वाटतं. भजनी मंडळातल्या पेटीवाल्यांपासून सुरुवात कर. त्यांचा उजवा हात तयार असतो, ताल अंगात असतो, त्यांना फक्त भाता आणि डावी बाजू शिकवायची. शिवाय प्रत्येक गावात दोन-चार आहेत. मग त्यांची नातवंडं येतील.

माझ्याकडे एक नववीतला मुलगा यायचा. बोटं विजेसारखी, पण भाता झटके देत चालायचा. रागावून काही उपयोग होईना. एके दिवशी मी त्याला पट्ट्यांवरून हात काढायला लावला. म्हटलं, डावीकडचं हवेचं बटण दाब आणि नुसता श्वास घे. सूर नाहीच. उघड, मीट, उघड, मीट. त्याचे आजोबा दाराशी बसलेले, चाळीस वर्षं भजनात टाळ धरलेला माणूस. त्यांनी आपोआप मांडीवर भजनी ठेका धरला. पाच-सात आवर्तनांनंतर पोराचा भाता आजोबांच्या थापेवर उघडायला लागला, समेवर वळायला लागला. खोलीत फक्त हवेचा आवाज आणि मांडीवरची थाप. मग मी हळूच म्हटलं, आता एक सूर ठेव. त्या दिवसापासून त्याचे झटके गेले. आणि मला समजलं की मीही भाता घड्याळावर शिकवत होते, ठेक्यावर शिकवायला हवा. विद्यार्थ्याकडून आपल्याला असं परत मिळतं, म्हणून शिकवणं सोडायचं नाही.

फी ठरवून घे आणि महिन्याच्या सुरुवातीला घे. लातूर पॅटर्नच्या या मुलखात आईबाप शिकवणीला हजारो रुपये मोजतात आणि संगीताला देताना हात आखडतात. त्यांना दोष देत बसू नकोस, लेकराने चार महिन्यांत आजीसमोर एक अभंग नीट वाजवून दाखवला की हात सैल होतो. दहावी-बारावीच्या वर्षी मुलं गळतात. त्यांना ‘सोडू नको’ म्हणून अडवू नकोस, ‘रोज दहा मिनिटं भाता’ एवढंच सांगून पाठव. माझी अशी गेलेली सात-आठ मुलं कॉलेज संपवून परत आली.

लहान मुलाला १२० बटणांचा बाजा कधीही देऊ नकोस. दहा-अकरा किलोचं ओझं आहे ते. ४८ बटणांचा जुना बाजा बघ. जुना घेताना प्रत्येक सूर ओढून आणि दाबून, दोन्हींनी ऐकायचा. आणि पट्टा सोडून, कुठलंही बटण न दाबता, डावी बाजू खाली लोंबू द्यायची. भाता हळूहळू उघडला तर ठीक, सरकन उघडला तर हवा गळते आहे, तो बाजा परत कर. तुझ्या स्वतःच्या पाठीबद्दलही बोलते, कारण मी ऐकलं नाही आणि आता भोगते आहे. उभ्याने वाजवायचं ते फक्त मंचावर. रियाझ बसून, भाता डाव्या मांडीवर टेकवून, पाठीमागे दोन्ही पट्टे जोडणारा आडवा पट्टा लावूनच.

रचनेबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण तू त्याला घाबरतेस. संगीतकार म्हणजे सिनेमाला चाली देणारा, असं तुझ्या डोक्यात आहे. माझी पहिली रचना सोळा मात्रांची होती. विद्यार्थ्याला डाव्या हाताची दोन बटणं आलटून पालटून वाजवता यावीत म्हणून केलेली. जात्यावरच्या ओवीची जी चाल माझी आजी म्हणायची, तिच्यातला शेवटी लांबणारा सूर मी भात्याच्या सरावासाठी वापरला. तशा चाळीसेक छोट्या रचना झाल्या आणि एक दिवस लक्षात आलं की त्यातल्या दहा ओळीने वाजवल्या तर अर्ध्या तासाचा कार्यक्रम होतो. तुझ्या आजूबाजूला काय नाही? पैठणच्या नाथांचं भारूड आहे, त्यातला बोलता बोलता गाण्यात शिरण्याचा ढंग या बाजाला किती शोभेल. तुळजापूरच्या वाटेवरचा गोंधळ आहे, संबळेचा कडकडाट डाव्या हातात आणून बघ. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात पहाटेचं कीर्तन ऐक, तिथले कीर्तन गाणारे रागी पेटीवर किती कमी वाजवतात आणि शब्द किती मोठा ठेवतात. खुलताबादच्या दर्ग्यातली कव्वाली ऐक. हे सगळं एसटीच्या अंतरावर आहे. पण लोकांची चाल जशीच्या तशी उचलून तिच्याखाली आपलं नाव घालू नकोस. ती चाल त्यांची. तू तिच्यावर जे काम केलंस तेवढं तुझं.

आणि जे तुझं आहे ते लिहून ठेव. मी लिहून ठेवलं नव्हतं. ऐंशीच्या दशकात मी एका भक्तिगीताची चाल टेपवर गाऊन एका माणसाला दिली, पाचशे रुपये घेतले. पुढल्या नवरात्रात ती कॅसेट गावोगावी वाजत होती, कव्हरवर माझं नाव नव्हतं. मंदिराच्या रांगेत उभं राहून मी माझीच चाल ऐकली आणि बाजूच्या बाईला सांगूही शकले नाही. माझ्याकडे पुरावा म्हणून एक चिठोरं नव्हतं. आज कायदा तुझ्या बाजूने जास्त उभा आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सहजासहजी सोडून देता येत नाही, कुणी कागदावर लिहून घेतला तरी. रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. तेव्हा प्रत्येक रचना स्वरलिपीत लिही, तारीख घाल, मोबाइलवर वाजवून स्वतःलाच ईमेल कर. आठ-दहा रचना ध्वनिमुद्रित झाल्या की रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घे. सही करायच्या आधी कागद घरी आण, रात्रभर ठेव, सकाळी वाच.

कार्यक्रमांचं थोडक्यात. जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांना आजही खऱ्या अकॉर्डियनची मागणी आहे. सुपारी आली की घे, त्यात कमीपणा नाही. निम्मं मानधन आधी. परतीचं वाहन कुणाचं, हे ठरल्याशिवाय हो म्हणू नकोस. मुलगी म्हणून हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. मी रात्री दोन वाजता स्टँडवर बाजा मांडीवर घेऊन बसलेली आहे, तू बसू नयेस. महिन्याला किती सुपाऱ्या घ्यायच्या याची स्वतःला मर्यादा घाल, नाहीतर रियाझ जातो आणि हाताला तीच पंचवीस गाणी उरतात.

आणि ऊन. मराठवाड्यात या बाजाचा खरा वैरी ऊन आहे. रीडच्या पट्ट्या आत लाकडी ठोकळ्यांवर मेणाने बसवलेल्या असतात, मेण आणि राळ एकत्र करून. साठ-पासष्ट अंशांना मेण वितळतं, पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं. बीडकडच्या एका गावात मे महिन्यात लग्नाआधीच्या कार्यक्रमाला गेले होते. दुपारी जेवायला बसलो आणि बाजा बंद जीपमध्ये उन्हात राहिला. संध्याकाळी दुसऱ्याच गाण्यात एक पट्टी दाबली की दोन सूर एकमेकांवर घासल्यासारखे वाजायला लागले. आतली रीडची पट्टी मेणातून सरकली होती. सगळा कार्यक्रम मी गावच्या भजनी मंडळाच्या पेटीवर काढला. चूक संपूर्ण माझी होती. तेव्हापासून बाजा माझ्याबरोबर सावलीत जेवायला येतो. एसटीत इंजिनच्या बाजूला ठेवू नकोस, टपावर तर कधीच नाही. पावसाळ्यात पेटाऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक, पोलादाला गंज चढतो.

पुण्याला जावं का? दोन वर्षांसाठी जा, असं माझं मत आहे. ऐकायला जा. एवढ्या सभा, एवढे कलाकार इकडे ऐकायला मिळत नाहीत. दुरुस्ती करणाऱ्या एखाद्या कारागिराकडे दुपारी बसून काम शीक, कारण आपल्या पाच-सहा जिल्ह्यांत तुझ्या बाजाला हात लावेल असा माणूस शोधून सापडायचा नाही. तो माणूस तूच झालीस तर तेही एक उत्पन्न. दोन वर्षांनी तिथेच राहावंसं वाटलं तर राहा, माझा राग नाही. परत आलीस तर मला आनंद होईल, हे मात्र लपवत नाही.

आता तुझी पांढरी चार. ओढताना वाजते आणि दाबताना मुकी, म्हणजे दोनपैकी एकच जीभ अडकली आहे, आणि तुझं नशीब चांगलं आहे. दाबताना वाजणारी जीभ आतल्या रीडच्या पट्टीच्या बाहेरच्या अंगाला असते, भाता उघडला की समोर दिसते. ओढतानाची मुकी असती तर ती आतल्या अंगाला, तिथे हात पोचवणं अवघड. भात्याच्या कडेच्या खिळ्या एकेक करून काढ, कुठली कुठून निघाली ते कागदावर मांडून ठेव. ठोकळा समोर येईल. फ्लॅशलाइट लावून ती रीडची पट्टी शोध. जिभेच्या कडेला धुळीचा कण किंवा कापसाचा तंतू दिसेल. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून हळूच सरकव आणि बाहेर काढ. मग नखाने जिभेचं टोक अगदी किंचित उचलून सोड, टिंग असा आवाज आला पाहिजे. सुईने किंवा पिनेने खरवडू नकोस. टोकाला खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, आणि मग ते सुधारणं तुझ्या हातचं नाही.

शंका वाटली तर थांब आणि खिळ्या जशा होत्या तशा लाव. पुढच्या रविवारी मी घरीच आहे. सकाळच्या गाडीने परळीला उतर, तिथून अंबाजोगाईला बस सारख्या असतात. ऊन चढायच्या आत पोच. वडिलांनाही घेऊन ये, त्यांच्याशी मला बोलायचं आहे. आणि येताना वही आण, कोरी.

तुझी,
बाई